बशीतली गाठ

स्वादुपिंडात गाठ आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा मामा म्हणाला, "स्वादुपिंड? हे तर आमच्या दुकानातल्या एखाद्या फ्लेवरचं नाव वाटतंय." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मामी तर नाहीच नाही. शेजारी बसलेली भाची तेवढी हसली, आणि हसता हसता तिला कळलं की आपले दात वाजताहेत.

भाची मामाच्याच घरी वाढलेली. तिचे आईवडील लवकर गेले, आणि मामा-मामीला मूल नव्हतं. खाली मामाचं आइस्क्रीमचं दुकान, वर दोन खोल्या. शाळेतून आली की ती यंत्राशेजारच्या स्टुलावर बसून अभ्यास करायची. पुढे ती शिकली, शिकतच राहिली, इतकी की शेजारपाजारच्यांनी विचारायचं सोडून दिलं, आणि शेवटी कर्करोगाच्या पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत लागली. मामा तिला शास्त्रीबुवा म्हणायचा. "आमच्या शास्त्रीबुवा बशीत गाठी वाढवतात," असं तो गिऱ्हाइकांना सांगे. "लोक गाठ काढायला पैसे मोजतात, हिला वाढवायला पगार मिळतो."

थट्टा खरी, पण खोटं त्यात काही नव्हतं. प्रयोगशाळा हॉस्पिटलच्याच मागच्या इमारतीत होती. रुग्णाच्या गाठीत सुई घालून कणभर तुकडा काढला की त्यातला थोडा तिकडे यायचा. तो खळीसारख्या दाट जेलच्या थेंबात रुजवायचा, दिवसाआड खाणं द्यायचं, म्हणजे पेशींचे बारीक बारीक गोळे तयार होतात. मग निरनिराळ्या गोळ्यांवर केमोची निरनिराळी औषधं टाकायची आणि कशानं मरतात ते बघायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तशातलाच प्रकार.

एवढा खटाटोप कशासाठी, तर गाठीगाठीत फरक असतो म्हणून. स्वादुपिंडाच्या बहुतेक सगळ्या गाठींत एक जीन हमखास बिघडलेला असतो. तो बिघडला की पेशीला थांब म्हटलेलं कळत नाही, ती वाढतच सुटते. पण त्यापलीकडे प्रत्येक गाठीचा बिघाड वेगळा. काही गाठींत पेशीचं रफूचं काम करणारा जीनच मोडलेला असतो. प्लॅटिनमचं औषध पेशीच्या आतला धागा फाडतं. ज्या गाठीला रफू येत नाही ती त्यानं मरते, आणि जिला येतं ती फाटलेलं शिवून पुन्हा उभी राहते. भाचीनं हे मामाला समजावलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे माझी गाठ आळशी निघो, एवढंच मागायचं."

प्रयोगशाळेचा एक नियम होता आणि तिथले सर त्याबाबतीत कुणाचं ऐकत नसत. सुई गाठीत घातली तरी तिच्यात आजूबाजूच्या निरोगी पेशी येतातच. म्हणून थेंबात जे वाढलंय ते गाठीचंच आहे, त्या हमखास बिघडणाऱ्या जीनमध्ये खरोखर बिघाड आहे, याची खात्री झाल्याशिवाय निकाल खोलीबाहेर जायचा नाही. ही खात्री करणारं यंत्र मात्र एकेका नमुन्यासाठी चालवत नसत. ट्रे भरेपर्यंत वाट बघायची आणि सगळे नमुने एकदम लावायचे, असा रिवाज. तोवर कामं अडत नसत. औषधं टाकून बघायला कुणाची हरकत नव्हती.

नमुन्यांना नावं नसत, नुसते क्रमांक. पण क्रमांकाला कोण हाक मारणार? मग प्रयोगशाळेतल्या पोरींनी टोपणनावं ठेवलेली. न वाढणारा तो कुंभकर्ण, आज वाढून उद्या मान टाकणारी ती रुसूबाई. मामाच्या गाठीत सुई घातली त्या दिवशी एकच नमुना आला. आता हा कुणाचा हे कळायला शास्त्रज्ञ कशाला हवा? खरं तर भाचीनं त्याच क्षणी सरांना सांगून तो नमुना दुसरीच्या हाती द्यायला हवा होता. तिनं सांगितलं नाही. आपल्या माणसाचा तुकडा परक्या हातात द्यायचा, हे तिच्या जिवावर आलं.

आणि काय वाढला तो नमुना! बाकीचे आठवडेच्या आठवडे कुरकुरत, हा मात्र दुसऱ्याच दिवसापासून अंग धरायला लागला. छान गोल, कडा स्वच्छ, आतून पोकळ, सगळे कसे एका मापाचे. तिनं त्याचं नाव गुणी ठेवलं. आपला तो बाब्या, म्हणतात ते काही उगीच नाही. मामाचं ते चांगलंच असणार, मग ती गाठ का असेना!

इकडे मामाला दोन औषधांची सौम्य केमो सुरू झाली होती. तो थकायचा, दुपारी झोपायचा, संध्याकाळी पुन्हा दुकानात उभा राहायचा. पहिल्या स्कॅनमध्ये गाठ वाढलीही नव्हती आणि कमीही झाली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्थिर आहे. मला यात समाधान आहे." मामीला समाधान या शब्दानं बरं वाटलं. भाचीला नाही. सुरुवातीला रफूच्या जीनची तपासणीही सांगितलेली होती, पण काढलेला तुकडाच इतका इवलासा की तपासणीला पुरला नाही. म्हणजे मामाच्या गाठीच्या पोटात काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तिच्यापाशी तर बशीभर उत्तर होतं.

तिनं गुणीवर औषधं टाकली. मामाला चालू होती ती दोन औषधं त्यानं पचवली. प्लॅटिनमवाल्या मिश्रणानं मात्र सगळे गोळे काळे पडून फुटले. एकही उरला नाही. तिनं पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. ट्रेमध्ये अजून निम्म्या जागा रिकाम्या होत्या. सर परगावी गेलेले. एरवी जी बाई चहात साखर घालतानाही मोजून घालते, तिचं त्या दिवशी पी हळद आणि हो गोरी झालं. ती पुढच्या इमारतीत गेली आणि डॉक्टरीणबाईंना दारातच गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जीनची खात्री झाली?"

"ट्रे भरला की होईलच," भाची म्हणाली. "पण पेशी अगदी नमुनेदार आहेत. मी रोज बघतेय."

"हे औषध जड आहे. त्यांचं वय बघता..."

"त्यांना झेपेल. आणि आत्ताचं औषध काहीच करत नाहीये, मी डोळ्यांनी पाहिलंय."

 डॉक्टरीणबाईंच्याही मनात दोन्ही औषधांची पारडी सारखीच होती. सारख्या पारड्यांत तांदळाचा दाणा टाकला तरी एक खाली जातं, आणि इथं तर घरचंच माणूस आपल्या कामाची ग्वाही देत होतं. पुढच्या आठवड्यात मामाचं औषध बदललं.

प्लॅटिनमच्या औषधाची एक खोड आहे. ते चढलं की माणसाला गार सोसत नाही. गार वस्तूला हात लागला की बोटांत सुया घुसतात, गार पाण्याचा घोट घेतला की घसा आवळतो, श्वास अडकल्यासारखा होतो. कुणा शिंप्याला, कुणा कारकुनाला हे सांगितलं तर तो म्हणेल, बरं, कोमट पाणी पिऊ. मामाचं आइस्क्रीमचं दुकान होतं!

पहिल्या खेपेनंतर त्यानं सवयीनं फ्रीझरमध्ये हात घातला आणि असा ओरडला, की रस्त्यापलीकडचा न्हावी कात्री हातात घेऊन धावत आला. मग मामीनं त्याला लोकरीचे हातमोजे दिले. भर उन्हाळ्यात हातमोजे घालून आइस्क्रीम विकणारा माणूस बघायला गर्दी वाढली. मामा त्यांना सांगे, "माल इतका थंड आहे, की मालकच गारठलाय." पण आता चमचा मामीच्या हाती गेला होता. नव्या घाण्याची चव घेणं तर बंदच. मामी गोड किती ते विचारी, आणि तो लांबून रंग बघून अंदाजानं सांगे. एकदा अंदाज चुकला, लिंबाचा आख्खा घाणा आंबट झाला. त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढच्या खेपांमध्ये बोटं बधिर व्हायला लागली. शर्टाची बटणं मामी लावू लागली. जुलाब, उलट्या, तोंडात फोड. अंगावरचं मांस असं उतरलं की घड्याळ कोपरापर्यंत चढायचं. तरी कुरकुर नाही. केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवरच्याला तो ऐटीत सांगे, "तुमचं औषध आपलं अंदाजपंचे. माझं बशीत तपासून दिलेलं आहे. आमच्या भाचीनं निवडलंय." हे भाचीनं स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि खरं सांगायचं तर तिला अभिमान वाटला.

मग ट्रे भरला.

सर परत आले होते. त्यांनीच यंत्राचा निकाल उघडला आणि तिला हाक मारली. कुंभकर्णात बिघाड होता, रुसूबाईत होता, सगळ्यांत होता. गुणीत नव्हता. त्याचा तो जीन जन्मल्या दिवसासारखा निर्मळ होता. 

"निरोगी पेशी आहेत," सर म्हणाले. "सुईत आलेल्या. त्यांनी गाठीच्या पेशींना मागं टाकलं आणि सगळा थेंब व्यापला. एवढ्या झपाट्यानं आणि इतक्या एकसारख्या वाढल्या, तेव्हाच आपल्याला शंका यायला हवी होती. असो. नमुना बाद. बरं झालं, निकाल बाहेर गेला नाही."

भाची म्हणाली, "गेलाय सर."

सरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "कुणाचा होता?" तिनं सांगितलं. "मग तर मुळीच करायचं नव्हतं," ते म्हणाले, आणि खोलीबाहेर निघून गेले. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

मग ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. "चूक तुमच्या एकटीची नाही," त्या म्हणाल्या. "विचारलं मी होतं. उत्तर मिळालं नाही तरी सही केली, तीही मीच." मग म्हणाल्या, "पुढची खेप तीन दिवसांवर आहे. त्यांना सांगायला हवं. मी सांगू?"

"नको. मी सांगते."

मामीला तिनं आधी सांगितलं, आणि मामीनं तिचं मनगट धरलं. "नाही सांगायचं," ती म्हणाली. "अगं, तो माणूस तुझ्या नावावर सोसतोय. तेवढाच आधार उरलाय त्याला. तोही काढून घेणार?"

"पण पुढची खेप घ्यायची की नाही, हे त्यानं ठरवायला नको का मामी?"

"ठरवून काय करणार? दुसरं औषध तरी खात्रीचं आहे का?"

ते नव्हतं. मामीचं म्हणणं चूक होतं असं तिला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण केमोच्या खोलीतलं ते "आमच्या भाचीनं निवडलंय" तिला अन्न गोड लागू देईना. अभिमान वाटला होता ना तिला? 

दुपारी दुकान बंद असताना मामा यंत्राचे भाग गरम पाण्यात धुवत होता. तेवढंच काम आता त्याच्या बोटांना सोसे. ती जवळ उभी राहिली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "मामा, बशीत तुझी गाठ नव्हती."

"मग? दुसऱ्या कुणाची घातलीस?"

"नाही. पेशी तुझ्याच होत्या, पण निरोगी. मी औषध टाकून बघितलं ते तुझ्या चांगल्या पेशींवर. गाठीवर नाहीच. झपाट्यानं वाढणारं काहीही त्या जड औषधानं मरतं, त्याला रफू येत असलं तरी."

मामानं यंत्राचं पातं पाण्यातून काढलं, फडक्यानं पुसलं. "आणि चांगल्या मेल्या, म्हणून तू नाचत गेलीस डॉक्टरीणबाईंकडे."

"हो."

"तपासायचं राहिलंय हे ठाऊक होतं तुला?"

इथं खोटं बोलता आलं असतं. यंत्रात बिघाड होता, अहवाल उशिरा आला, काहीही. मामाला यातलं काय कळणार होतं? "ठाऊक होतं," ती म्हणाली.

मामानं पातं खाली ठेवलं. त्याचा आवाज चढला नाही, पण असा आवाज तिनं लहानपणापासून कधी ऐकला नव्हता. "मी जर कुणी परका असतो, तर थांबली असतीस?"

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "थांबले असते."

"म्हणजे परक्याला जपलं असतंस. घरच्याला नाही." त्यानं आपले दोन्ही हात तिच्यासमोर धरले. बोटांची टोकं पांढुरकी पडली होती. "हे बघ. यांत मी आता सुट्टी नाणीसुद्धा धरू शकत नाही. जा वर. मला तुझं तोंड बघायचं नाही."

ती वर गेली. मामीनं तिला जवळ घेतलं नाही आणि बोलही लावला नाही. स्वयंपाक केला, तिघांची ताटं वाढली, आणि तिघं तीन वेळी जेवले.

डॉक्टरीणबाईंनी ती खेप पुढे ढकलली. मामाचं रक्त तपासायला पाठवलं, कारण रफूचा जीन कधी कधी जन्मापासूनच मोडका असतो आणि तो रक्तातही दिसतो. मामाचा शाबूत होता. म्हणजे प्लॅटिनम त्याला विशेष लागू पडावं असं काही कारण हाती आलं नाही. गाठीत नंतर काही मोडलं असेल तर ते गाठीलाच माहीत. "हे औषध चुकीचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुष्कळांना देतो आम्ही. पण तुम्हालाच द्यावं असं खास कारण माझ्याजवळ नाही. पहिल्या औषधावर परत जाता येईल. हात थोडे सुधारतील."

मामा इतके दिवस भाचीशी बोलला नव्हता. आता तिच्याकडे न बघताच म्हणाला, "शास्त्रीबुवा, तुमचं काय म्हणणं?"

"मला माहीत नाही, मामा."

"हां," मामा म्हणाला. "हे तेव्हा म्हणायचं होतं." आणि डॉक्टरीणबाईंकडे वळून, "पहिलंच द्या. धंद्याचा माणूस आहे मी, हात लागतात मला."

हात सुधारले, पुरते नाहीत. हातमोजे निघाले, चमचा परत त्याच्या हाती आला, पण दोन बोटं बधिरच राहिली. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली आणि यकृतावर एक ठिपका दिसला. मधले ते महिने वाया गेले नसते, तर ठिपका आला नसता का? भाचीनं सरांना विचारलं, डॉक्टरीणबाईंना विचारलं, पुस्तकं उपसली. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. आपल्याला शिक्षाही कुणी ठोकून देत नाही आणि सोडतही कुणी नाही, असं तिला झालं. रजेचा अर्ज न देताच ती दोन दिवस कामावर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामानं खालून हाक मारली. गिऱ्हाईक नव्हतं. तो खुर्चीत बसला होता, शर्टाचं पोटावरचं बटण उघडंच.

"बस," तो म्हणाला. "त्या बशीत काय झालं ते मला परत सांग. नीट सांग. तेव्हा रागात ऐकलं नाही मी."

तिनं सांगितलं. सुईत दोन्ही आल्या, चांगल्याही आणि आजारीही. दोन्ही एकाच थेंबात गेल्या.

"एकाच थेंबात?"

"हो."

"आणि चांगल्या जास्त वाढल्या."

"खूप."

"आजारी होत्या त्यांचं काय झालं?"

"मागं पडल्या. त्यांना जागाच उरली नाही. शेवटी संपल्या."

 मामानं आपला हात पोटावर ठेवला, बरगड्यांच्या खाली, जिथं दुखत असे तिथं.

"त्या माझ्याच ना गं?" त्यानं विचारलं. "त्या जिंकलेल्या? मग इथं का हरताहेत?"

तिला उत्तर माहीत होतं. जेल निराळं, जागा निराळी, आणि त्या थेंबात निरोगी पेशींना मानवेल असंच सगळं घातलेलं. तिनं त्यातलं एवढंच उचललं.

"तिथं मी त्यांना खायला घालत होते, मामा," ती म्हणाली. "दिवसाआड, माझ्या हातानं."

मामानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि थट्टा तर नव्हतीच.

"मग इथंही घाल की गं," तो म्हणाला.